हलकेपणा येतो कोठून?

काही महिन्यांपूर्वी एका माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षात जाण्याचा योग आला. कक्षात बारा संगणक होते. त्यांतले पाच चालू होते आणि सात भिंतीकडे तोंड करून एकावर एक रचून ठेवलेले होते. ही सातही यंत्रे सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची. कोणात एक गिगाबाइट रॅम, तर कोणात दोन. बिघाड एकातही नव्हता. नवी कार्यप्रणाली त्यांच्यावर चालत नाही एवढाच त्यांचा दोष, आणि तेवढ्यासाठी ती भंगारात जाणार होती. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला विचारले, "वीस-पंचवीस मेगाबाइटची लिनक्स मिळते आणि ती असल्या यंत्रांवर पळते, असे ऐकले. खरे आहे का? आणि खरे असेल, तर बाकीच्या प्रणाली इतक्या अवजड कशाला?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आहे. दुसरा प्रश्न मात्र आमच्या मनात घोळत राहिला. एखादी वस्तू हलकी झाली असे कोणी सांगितले, की विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारायला हवे, कमी झालेले वजन गेले कुठे? हलक्या लिनक्स प्रणाली ज्या युक्तीवर उभ्या आहेत, ती म्हणजे सॉफ्टवेअर दाबून एका फाइलीत भरणे आणि ती फाइल न सोडवता थेट वापरणे. या युक्तीचे परीक्षण आम्ही याच प्रश्नाच्या आधारे करणार आहोत. उदाहरणासाठी मुख्यतः दोन प्रणाली घेतल्या आहेत. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी 2003 साली सुरू केलेली पपी लिनक्स, आणि रॉबर्ट शिंगलडेकर यांनी 2008-09 च्या सुमारास पुढे आणलेली टायनी कोअर.

न सोडवता वापरायचे गाठोडे

नेहमीच्या पद्धतीने एखादे सॉफ्टवेअर संगणकावर बसवले, की त्याच्या शेकडो फाइली हार्ड डिस्कवर ठिकठिकाणी विखुरतात. चालणारा कार्यक्रम एका जागी, त्याला लागणारी ग्रंथालये दुसऱ्या जागी, चित्रे, मदतपुस्तिका आणि भाषांतरे तिसऱ्या जागी. पुढे ते काढून टाकायचे म्हटले तर सगळे तुकडे गोळा करावे लागतात, आणि थोडेबहुत मागे राहतातच.

आपल्या ओळखीची झिप फाइल पाहा. तीत फाइली दाबून भरलेल्या असतात खऱ्या, पण त्यातले सॉफ्टवेअर चालवायचे तर ते आधी डिस्कवर सोडवावे लागते. म्हणजे गाठोडेही राहते आणि पसाराही होतो. फिलिप लाउघर यांनी 2002 मध्ये तयार केलेली स्क्वॉशएफएस ही रचना या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. 2009 साली, 2.6.29 या आवृत्तीपासून, ती लिनक्सच्या कर्नलमध्ये म्हणजे गाभ्यामध्येच समाविष्ट झाली. या रचनेत फाइलींचे लहान लहान ठोकळे पाडतात. ठोकळा सामान्यतः 128 किलोबाइटचा असतो. प्रत्येक ठोकळा स्वतंत्रपणे दाबतात आणि कोणता ठोकळा कुठे आहे याची अनुक्रमणिका सोबत ठेवतात. पानाची चंची आठवा. कात हवा असेल तर कातापुरताच कप्पा उघडायचा, सुपारीच्या कप्प्याला हात लावायचे कारण नाही. तसेच येथे होते. कर्नलला सांगायचे, की ही एक फाइल म्हणजे जणू एक स्वतंत्र डिस्क आहे असे समज. याला माउंट करणे म्हणतात. त्यानंतर जो ठोकळा लागेल तेवढाच तो वाचतो, रॅममध्ये उलगडतो आणि पुढे देतो. मूळ फाइल जशीच्या तशी राहते.

एक अट मात्र पाळावी लागते. अशी फाइल केवळ वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही. ही अडचण वाटेल, पण या रचनेची खरी ताकद याच अटीतून आलेली आहे.

पारदर्शिकांचे थर

लिहिता न येणारी प्रणाली घेऊन काम कसे करायचे? येथे दुसरी युक्ती येते, थरांची. जुन्या शिक्षकांना ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका आठवत असतील. खाली हृदयाची बाह्याकृती, तिच्यावर रोहिण्यांची पारदर्शिका, तिच्यावर नीलांची. पडद्यावर मात्र एकच चित्र दिसते. सर्वांत वर एक कोरी पारदर्शिका ठेवून तिच्यावर आपण लिहितो. तास संपला की तेवढीच पुसायची. खालची चित्रे बिघडत नाहीत.

पपीमध्ये नेमके हेच आहे. मुख्य प्रणाली ही एक संकोचित फाइल, तिला 'एसएफएस' म्हणतात. तिच्यासोबत हवी तशी आणखी एसएफएस गाठोडी जोडता येतात. एकात ऑफिसचे सॉफ्टवेअर, दुसऱ्यात सॉफ्टवेअर घडवण्याची साधने. सर्वांत वर लिहिता येणारा थर असतो. आपण केलेले सारे बदल तेथे जातात आणि वेगळ्या 'सेव्ह' फाइलीत जपून ठेवता येतात. असे थर एकत्र दाखवण्यासाठी पपीने बराच काळ जपानच्या जुनजिरो ओकाजिमा यांची एयूएफएस ही प्रणाली वापरली. तिच्यात संगणक चालू असतानाच नवा थर सरकवता येतो. ती अधिकृत कर्नलमध्ये कधी घेतली गेली नाही. तेथे 2014 च्या डिसेंबरात, 3.18 या आवृत्तीत, ओव्हरलेएफएस आली. तिच्यात खालचे थर माउंट करतेवेळीच ठरवावे लागतात.

टायनी कोअरने वेगळी वाट धरली. तिच्या प्रत्येक गाठोड्याला 'टीसीझेड' म्हणतात. प्रत्येक गाठोडे वेगळे माउंट होते, आणि त्यातल्या फाइलींकडे बोट दाखवणाऱ्या खुणा मुख्य प्रणालीत उमटवल्या जातात. कोणत्या गाठोड्याला दुसरे कोणते लागते, याची यादी एका छोट्या मजकूर फाइलीत लिहिलेली असते. ती कोणालाही वाचता येते. शिकवण्याच्या दृष्टीने आम्हाला ही पद्धत जास्त आवडते. पपीत थर एकमेकांत मिसळून दिसतात, तर येथे प्रत्येक फाइल कोणत्या गाठोड्यातून आली हे खुणेवरून शोधता येते.

खरोखर नाहीसे झालेले वजन

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या मते येथला हलकेपणा तीन प्रकारांचा आहे. काही वजन खरोखर नाहीसे होते, काही नुसते हलते आणि काही वगळलेले असते. जाहिरातीतला मेगाबाइटचा आकडा या तिन्हींची बेरीज सांगतो आणि फरक झाकतो.

खरोखर नाहीसे होते ते पुनरुक्तीचे वजन. क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये दाखवले, की संदेशातली माहिती मोजता येते, आणि संदेशात पुनरुक्ती जितकी जास्त तितका तो माहिती न गमावता लहान करता येतो. 1977 मध्ये अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी दिलेली पद्धत आजही अनेक संकोचन आज्ञावलींच्या मुळाशी आहे. पूर्वी आलेला मजकूर पुन्हा आला तर तो पुन्हा न लिहिता 'इतके मागे जा, इतकी अक्षरे घे' असे लिहायचे, ही तिची कल्पना.

याचा फायदा एके काळी फार मोठा होता. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी 2000 साली क्नॉपिक्स प्रणाली प्रसिद्ध केली. 700 मेगाबाइटच्या सीडीवर तिने सुमारे 2 गिगाबाइट सॉफ्टवेअर बसवून दाखवले. तिची संकोचनाची आज्ञावली वेगळी होती, पण तत्त्व हेच. केवळ जागाच वाचली असे नाही. थोडा हिशेब करू. सीडीचा मूळ वेग सेकंदाला 150 किलोबाइट, म्हणून 24 पट वेगाची सीडी सेकंदाला 3.6 मेगाबाइट देते. 30 मेगाबाइटचा कार्यक्रम वाचायला सव्वाआठ सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागेल. तोच दाबून 10 मेगाबाइटचा केला, तर वाचनाला 2.8 सेकंद. उलगडायला एक सेकंद धरला तरी एकूण चारच्या आत. म्हणजे दाबलेले सॉफ्टवेअर न दाबलेल्यापेक्षा दुपटीहून अधिक लवकर सुरू होते.

आता त्याच जुन्या यंत्रात सेकंदाला 500 मेगाबाइट देणारी एसएसडी बसवा. न दाबलेला कार्यक्रम 0.06 सेकंदात वाचून होतो, दाबलेला 0.02 सेकंदात. वाचनात वाचले फक्त 0.04 सेकंद. उलगडण्याचा वेळ याहून जास्त झाला, की फायद्याचा तोटा होतो. तीच युक्ती, तोच कार्यक्रम. बदलला तो केवळ दोन वेगांमधला संबंध. 'संकोचनाने प्रणाली वेगवान होते' हे विधान म्हणूनच अर्धवट आहे. संथ डिस्क किंवा पेन ड्राइव्ह असेल तेथे ते खरे, वेगवान डिस्क आणि मंद प्रोसेसर असेल तेथे खोटे. हे गणित नववी-दहावीच्या मुलांना फळ्यावर सहज सोडवता येईल.

नुसते हललेले वजन

वजन हलण्याचे एक उदाहरण वर येऊन गेले. डिस्कवरचा भार कमी झाला, तो प्रोसेसरकडे गेला. एक किलोबाइटची फाइल हवी असली तरी ती ज्यात आहे तो सगळा ठोकळा उलगडावा लागतो. ठोकळा मोठा ठेवला तर संकोचन चांगले होते आणि उलगडण्याचे काम वाढते. लहान ठेवला तर उलट. गाठोडे बांधणाऱ्याने ही निवड आपल्या वतीने आधीच केलेली असते.

दुसरे स्थलांतर कमी दिसते. थरांच्या रचनेत खालच्या थरातली फाइल 'काढून टाकली' तरी ती जात नाही. वरच्या थरात 'ही फाइल दाखवू नये' अशी एक खूण तेवढी उमटते. म्हणजे पुसल्याने जागा मोकळी होत नाही, उलट खुणेपुरती का होईना, वाढतेच. तसेच, एकाच ग्रंथालयाच्या दोन आवृत्त्या दोन गाठोड्यांत असतील, तर वरची खालचीला झाकते, आणि खालचीवर अवलंबून असलेला कार्यक्रम अचानक चालेनासा होतो. कालपर्यंत चालणारे सॉफ्टवेअर दुसरेच गाठोडे जोडल्यावर का बिघडले, हे शिक्षकाला उमगत नाही. त्रुटी दोहोंपैकी एकाही गाठोड्यात नसते, ती त्यांच्या क्रमात असते.

तिसरे आणि सर्वांत मोठे स्थलांतर होते ते गाठोडे बांधणाऱ्या माणसाकडे. 2014 च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या ग्रंथालयातली 'हार्टब्लीड' नावाची चूक उघडकीस आली. इंटरनेटवरील सुरक्षित देवाणघेवाण ज्यावर अवलंबून आहे असे हे ग्रंथालय. नेहमीच्या प्रणालीत ते सामाईक असते, एकदा दुरुस्त केले की ते वापरणारे सारे कार्यक्रम दुरुस्त होतात. पण दहा गाठोड्यांत त्याच्या दहा प्रती असतील, तर दहाही गाठोडी पुन्हा बांधावी लागतात. ज्याने एखादे गाठोडे हौसेने बांधले आणि पुढे लक्ष घातले नाही, ते तसेच सदोष राहते. सदोष आहे हे बाहेरून दिसतही नाही, कारण ते पूर्वीइतकेच छान चालत असते. येथे टायनी कोअरच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. तिच्यात सामाईक ग्रंथालयांची गाठोडी शक्यतो वेगळी ठेवतात, त्यामुळे हा धोका कमी होतो. 'सगळे काही एकाच फाइलीत' अशी सोय देणाऱ्या मोठ्या गाठोड्यांत तो वाढतो. उबुंटूच्या स्नॅप आणि अनेक ठिकाणी दिसणाऱ्या ॲपइमेज या आजच्या पद्धतीही स्क्वॉशएफएसच वापरतात, आणि हाच प्रश्न त्यांनाही विचारावा लागतो.

पपीसारख्या प्रणालींचे आणखी एक देणे लक्षात ठेवावे. पपीच्या बऱ्याच आवृत्त्या डेबियन, उबुंटू किंवा स्लॅकवेअर यांची तयार पॅकेजे घेऊन बांधल्या जातात. म्हणजे लहान प्रणालीच्या पाठीशी मोठ्या प्रणालीचे कष्ट उभे असतात. मोठ्यांनी हात काढला, की लहानांची पंचाईत होते. डेबियनने 2025 मधल्या 13 व्या आवृत्तीपासून 32-बिट पीसीवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. जुनी यंत्रे वाचवू पाहणाऱ्या शाळेने, आपले यंत्र 32-बिट की 64-बिट हे सर्वप्रथम पाहावे ते याचसाठी.

विश्वासाचा भारही असाच हलतो. पपीत वापरणारा सामान्यतः 'रूट' म्हणजे सर्वाधिकारी म्हणून वावरतो. टायनी कोअरमध्ये वेगळा वापरकर्ता असतो, पण मूळ मांडणीत त्याला परवलीच्या शब्दाशिवाय सर्वाधिकार घेता येतात. गाठोडे नीट उतरले का हे तपासण्यासाठी टायनी कोअर प्रत्येक गाठोड्यासोबत एमडी5 ठसा देते. उतरवताना फाइल मोडली असेल तर तो ठसा ते नक्की सांगतो. पण कोणी मुद्दाम गाठोडे बदलले असेल तर? ठसा गाठोड्याशेजारीच ठेवलेला असतो, बदलणारा तोही बदलू शकतो. शिवाय एमडी5 ची पद्धतच कमकुवत असल्याचे 2004 मध्ये चीनच्या झिआओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते. एका खोलीतल्या सात यंत्रांसाठी हे चालून जाईल. परीक्षेचे गुण किंवा मुलांची माहिती मात्र अशा यंत्रावर ठेवू नये.

वीज गेली तेव्हा

आता त्या शाळेतला पुढचा प्रसंग सांगतो. यातली चूक आमची होती. सातपैकी सहा यंत्रे आम्ही एका हलक्या प्रणालीवर पेन ड्राइव्हवरून सुरू करून दिली. प्रणाली रॅममध्ये उतरते, मूळ फाइलींना कोणी हात लावू शकत नाही, वीज गेली तरी काही बिघडत नाही, असे आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले. आठवीची मुले बसली. परिसरातल्या झाडांच्या नोंदी टंकू लागली. वीस-पंचवीस मिनिटांनी वीज गेली.

वीज आल्यावर सहाही यंत्रे मिनिटभरात सुरू झाली. एकही फाइल मोडली नव्हती, डिस्क तपासण्याचा संदेशही आला नाही. आम्ही सांगितले होते ते अक्षरशः खरे ठरले. मुलांच्या नोंदी मात्र एकाही यंत्रावर उरल्या नव्हत्या. एका मुलीने वहीत न लिहिता थेट संगणकावरच लिहिले होते. ती काही बोलली नाही, पुन्हा पहिल्यापासून लिहू लागली.

कारण सोपे होते. सर्वांत वरचा, लिहिता येणारा थर रॅममध्ये होता, आणि तो डिस्कवर उतरवण्याची वेळ यंत्र बंद करतानाची ठेवलेली होती. 'वीज गेली तरी काही बिघडत नाही' या वाक्यात 'काही' म्हणजे काय, हे आम्ही स्वतःला विचारले नव्हते. प्रणालीच्या दृष्टीने मौल्यवान वस्तू प्रणालीच असते. शाळेच्या दृष्टीने ती कधीही पुन्हा उतरवून घेता येते, पुन्हा मिळत नाही ते मुलाचे काम. थरांची रचना ही दोन्ही वेगळी करते, हा तिचा मोठा गुण आहे. पण वेगळी केल्यावर कोणाची जपणूक आधी करायची, हे ती सांगत नाही. ते आपण ठरवायचे असते. उपायही दूर नव्हता. मुलांचे दप्तर, म्हणजे त्यांच्या फाइलींची जागा, रॅममध्ये न ठेवता पेन ड्राइव्हच्या वेगळ्या भागावर ठेवली, आणि थोड्या थोड्या वेळाने 'सेव्ह' करण्याची सवय मुलांना लावली, की पुरते. आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन ते केले. ते पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

वगळलेले वजन

आता तिसरा प्रकार, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. टायनी कोअरची मांडणी तीन आकारांत मिळते. केवळ आज्ञा टंकून चालवायचा 'कोअर' सुमारे 17 मेगाबाइट, खिडक्या आणि माउस असलेला 'टायनीकोअर' सुमारे 23, आणि 'कोअरप्लस' अडीचशेच्या आसपास. हा तिसरा कोणासाठी? बिनतारी जाळे वापरणाऱ्यांसाठी, आणि ज्यांचा कळफलक अमेरिकी मांडणीचा नाही त्यांच्यासाठी. म्हणजे 23 मेगाबाइटच्या त्या कौतुकास्पद आकड्यात एक गृहीत दडलेले आहे. वापरणारा अमेरिकी कळफलकावर इंग्रजी टंकतो असे ते गृहीत.

यात कोणाचा दुष्टावा नाही. गाठोडी लहान ठेवण्यासाठी मदतपुस्तिका एका वेगळ्या गाठोड्यात, भाषांतरे दुसऱ्या, विकासकांची साधने तिसऱ्या गाठोड्यात ठेवण्याचा टायनी कोअरचा शिरस्ता आहे. पपीतही विकासकांच्या साधनांचे गाठोडे वेगळे असते. रचना म्हणून हे योग्यच आहे. ज्याला जे हवे ते त्याने जोडावे. पण 'मूळ' काय आणि 'जोड' काय, ही रेषा कोणीतरी आखतो, आणि मराठी मुलाची भाषा दर वेळी रेषेच्या पलीकडे पडते. त्या सहा यंत्रांवर पहिल्यांदा मराठी मजकूर उघडला, तेव्हा अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी आल्या. टंक बसवल्यावर एका कार्यक्रमात अक्षरे आली, पण 'कि' मधली वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसली आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहिली. देवनागरीला केवळ टंक पुरत नाही. अक्षरांची जुळणी करणारा हार्फबझसारखा भाग लागतो, आणि कार्यक्रमाने तो वापरायलाही हवा. काही हलके कार्यक्रम हलके असतात, त्याचे एक कारण म्हणजे त्यांनी हे काम अंगावर घेतलेलेच नसते.

मग देवनागरी खरोखर जड आहे का? हे मोजता येते, म्हणून मोजावे. यूटीएफ-8 या प्रचलित संकेतनात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. पण या तिनांपैकी पहिला बाइट सर्व देवनागरी चिन्हांत एकच असतो, आणि दुसरा दोनच मूल्यांपैकी एक. म्हणजे तिसऱ्या बाइटखेरीज बाकीची जवळजवळ सगळी पुनरुक्तीच आहे, आणि पुनरुक्ती काढणे हेच तर संकोचनाचे काम. दाबून भरणाऱ्या प्रणालीत मराठी मजकुराचे वाढीव वजन बहुतांशी विरघळून जाते. एका देवनागरी टंकाचा आकारही काही शंभर किलोबाइटच्या घरातला असतो. ज्या प्रणालीत आजच्या काळाचा वेबशोधक घातला की आकार कित्येक पटींनी फुगतो, तिथे भाषेला 'जादा वजन' म्हणणे हिशेबाला धरून नाही. भाषा वगळली जाते ती वजनामुळे कमी, आणि गाठोडे बांधणाऱ्यांत ती लिहिणारा कोणी नसल्यामुळे जास्त.

आमचा अभिप्राय

एवढे दोष दाखवल्यावर ही पद्धत टाकून द्यावी असे आम्हाला वाटते का? मुळीच नाही. प्रणाली आणि आपले काम यांच्यात स्वच्छ रेषा, बिघडवता न येणारी मूळ प्रत, एक फाइल उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवली की झाले अशी सोय, या गुणांची शाळेला फार गरज आहे. मुलांनी काहीही गोंधळ घातला तरी पुन्हा सुरू केल्यावर यंत्र पूर्ववत होते. त्यामुळे 'हात लावू नका' ही संगणक कक्षातली जुनी पाटी काढता येते. आज असंख्य राउटरमध्ये चालणारी ओपनडब्ल्यूआरटी प्रणालीही याच तत्त्वावर उभी आहे, खाली न बदलणारा स्क्वॉशएफएस थर, वर बदलता येणारा. दोन प्रणालींत निवड करायची तर रोजच्या तासांसाठी आम्ही पपीकडे झुकू आणि संगणक आतून समजून घेण्यासाठी टायनी कोअरकडे. आमचा आक्षेप आहे तो केवळ मेगाबाइटवरून श्रेष्ठता ठरवण्याला.

भाषेचा प्रश्न तर याच युक्तीने सुटू शकतो. एक देवनागरी टंक, इनस्क्रिप्ट कळफलकाची मांडणी, मराठी शब्दसूची, शाळेने तयार केलेल्या प्रयोगांच्या टिपा, असे सारे एका फोल्डरमध्ये नीट मांडले, की एमके-स्क्वॉशएफएस या एका आज्ञेने त्याचे गाठोडे होते. ते एका शाळेने बांधले तर दहा शाळांना देता येईल. बांधणाऱ्याने आपले नाव, तारीख आणि आत काय आहे याची यादी सोबत द्यावी, आणि वर्षातून एकदा तरी ते पुन्हा तपासावे. नाहीतर इतरांच्या गाठोड्यांवर आम्ही घेतलेले सारे आक्षेप त्यालाही लागू होतील.

त्याआधी वर्गात एक छोटा प्रयोग करून पाहावा. साधारण सारख्याच आकाराच्या चार फाइली घ्या. मराठी मजकुराची एक, इंग्रजी मजकुराची एक, कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्राची एक, आणि लिनक्सकडून मिळवलेल्या यादृच्छिक आकड्यांची एक. प्रत्येकीचे वेगळे गाठोडे बांधा, आकाराचे गुणोत्तर काढा आणि ते तसे का आले हे मुलांना विचारा. छायाचित्र फारसे लहान का झाले नाही? यादृच्छिक फाइल जराही का दबली नाही? मराठी मजकूर इंग्रजीच्या तुलनेत किती दबला? उत्तरे आम्ही येथे देत नाही. मुलांनी आकडे फळ्यावर लिहिले, की हलकेपणा कोठून येतो हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.